मॅकग्रेगर ऊर्फ...

"मॅकग्रेगर कोण होता?"

मॅनेजमेंटच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. हा माझा पाठ होता. "सर, डग्लस मॅकग्रेगर, थिअरी एक्स आणि थिअरी वाय, १९६०." थिअरी एक्स म्हणजे माणूस मुळातच कामचुकार, त्याच्या मानगुटीवर बसल्याशिवाय तो काही करणार नाही. थिअरी वाय म्हणजे माणसाला काम करायला आवडतं, विश्वास टाका, तो करेल. (यातली खरी कोणती, हे आमच्या डिपार्टमेंटची सबमिशनची शेवटची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला विचारा.) सर खूश दिसले. फाईल बंद करता करता म्हणाले, "आणि मॅकग्रेगर या नावाचा अर्थ काय?"

मी गप्प. सिलॅबसमध्ये नव्हतं ना!

"मॅक म्हणजे मुलगा. ग्रेगरचा मुलगा. स्कॉटलंडमधलं आडनाव आहे. एके काळी हे आडनाव लावलं तर फाशी होती. वाच कधीतरी." आणि त्यांनी पुढच्या रोल नंबरला हाक मारली.

आता पी.एल.मध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायचं, ही आपल्या कॉलेजची फार जुनी परंपरा. मीही ती मोडली नाही. शिवाय आडनाव या विषयाशी माझं घरचं भांडण आहे. ते पुढे येईलच.

तर आधी 'मॅक'. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, गेलिक भाषा बोलायचे. तिच्यात मॅक म्हणजे मुलगा. पण गंमत अशी की हे पूर्वी आडनाव नव्हतंच, ते आपल्या मधल्या नावासारखं होतं. इयनचा मुलगा डोनाल्ड असेल तर तो डोनाल्ड मॅक इयन, आणि डोनाल्डचा मुलगा अँगस असेल तर तो अँगस मॅक डोनाल्ड. दर पिढीला नाव बदलणार. दक्षिणेकडच्या सखल भागात नॉर्मन सरदारांच्या मागोमाग कायमची आडनावं आली, डोंगरात मात्र हा बापाच्या नावाचा हिशोब अठराव्या शतकापर्यंत बऱ्याच ठिकाणी चालू होता. मग कधीतरी घराण्यातल्या एखाद्या मोठ्या पुरुषाशी नाव थांबलं आणि त्याच्या नंतरचे सगळेच त्याचे 'मुलगे' झाले.

एकदा ही किल्ली हातात आली की मी हॉस्टेलवर दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हते. मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा. मॅकगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. मॅकफर्सन म्हणजे पाद्र्याचा मुलगा. आणि कॅम्पबेल! कॅम्पबेल म्हणजे चक्क 'वाकड्या तोंडाचा'. कुणा पूर्वजाला गावाने ठेवलेलं नाव, ते पुढे ड्यूक लोक अभिमानाने मिरवायला लागले. आपल्याकडच्या अशा आडनावांची यादी मी देत नाही, प्रत्येक वर्गात एक-दोन नमुने असतातच आणि हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून खिदळणं ऐकू येतंच. रूममेटने विचारलं, "मग मुलीचं काय? ती पण मॅकच?" तर नाही. गेलिकमध्ये मुलीच्या नावात 'निक' येतं. आणि स्कॉटलंडमध्ये लग्न झालं तरी बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवायच्या, थडग्यावरसुद्धा तेच कोरलेलं सापडतं. हे ऐकून आमच्या मजल्यावर स्कॉटलंडबद्दल एकदम आदर निर्माण झाला.

बरं, ग्रेगर. हे नाव मूळ ग्रीक, त्याचा अर्थ जागा असणारा, सावध. ग्रेगर नावाचा हा मूळपुरुष बहुधा चौदाव्या शतकातला. घराण्याचे लोक आपलं मूळ त्याच्याही पाचशे वर्षं मागे, नवव्या शतकातल्या राजांपर्यंत नेतात, पण असं कोण नेत नाही! आपल्याकडेही प्रत्येकाचा खापरपणजोबा कुणाचा तरी सरदार असतोच. महत्त्वाचं हे की ग्लेन ऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेन लायन या दऱ्यांमध्ये हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, गुरं पाळत होते, आणि त्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता. "तलवारीच्या जोरावर आमची" एवढाच त्यांचा सातबारा. कागद शेजाऱ्यांकडे गेले. शेजारी कोण? तर आपले वाकड्या तोंडाचे कॅम्पबेल. राजदरबारी वजन, हातात सनदा, कायद्याची उत्तम जाण. थोडक्यात, वर्षानुवर्षं कसत असलेल्या जमिनीवर एक दिवस कोणीतरी शिक्का मारलेला कागद घेऊन येतो, ती गोष्ट.

मग व्हायचं ते झालं. जमीन गेली की माणूस कुळ होतो, नाहीतर दरोडेखोर. मॅकग्रेगर दोन्ही झाले. ते काही बिचारे गरीब गाई होते असं मी म्हणणार नाही. १५८९ साली राजाच्या जंगलाच्या एका अधिकाऱ्याचा खून झाला, त्याचा ठपका यांच्यावर आला, आणि सबंध कुळाने चर्चमध्ये जमून "आम्ही सगळे याला जबाबदार" अशी शपथ घेतली असं सांगतात. ७ फेब्रुवारी १६०३ ला ग्लेन फ्रुइन नावाच्या दरीत त्यांची गाठ कहून घराण्याशी पडली. (या कहूनच्या स्पेलिंगमध्ये एल, क्यू, एच असं सगळं भरलेलं आहे आणि उच्चार मात्र कहून! आपली पीडब्ल्यूडीची पाटी बरी.) मॅकग्रेगरांनी त्यांची भयंकर कत्तल केली.

राजा होता सहावा जेम्स. त्याला त्याच सुमारास जन्मातली सर्वांत मोठी लॉटरी लागली होती. इंग्लंडची एलिझाबेथ राणी वारली आणि तिचं सिंहासन याच्याकडे आलं. ५ एप्रिल १६०३ ला तो एडिंबरा सोडून लंडनला निघाला. आणि निघायच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिलला, त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने हुकूम काढला : मॅकग्रेगर हे नाव रद्द. यापुढे हे नाव जो लावेल त्याला देहदंड. जगायचं असेल तर दुसरं आडनाव घ्या.

मी हे वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे खुनाची शिक्षा नाही, दरोड्याची शिक्षा नाही. नावाची शिक्षा! ग्लेन फ्रुइनला जो गेला नव्हता तोही यात, पाळण्यातलं पोरही यात.

त्यांचा मुख्य होता ग्लेनस्ट्रेचा अलास्टर मॅकग्रेगर. त्याला पकडलं अर्लॉफ आर्गाइलने, म्हणजे पुन्हा कॅम्पबेलच. "तुला सुखरूप इंग्लंडच्या हद्दीत पोचवतो" असा शब्द दिला. आणि शब्द पाळला! हद्दीपलीकडे नेलं, इंग्लंडच्या जमिनीवर उभं केलं आणि तिथूनच परत फिरवून एडिंबराला आणलं. जानेवारी १६०४ मध्ये त्याला साथीदारांसकट भर चौकात फाशी दिली, आणि तो मुख्य म्हणून त्याचा दोर बाकीच्यांपेक्षा उंच. शब्दाला शब्द पाळून दगा कसा द्यावा याचं इतकं चोख उदाहरण मी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या बाँडमध्येसुद्धा पाहिलेलं नाही.

नंतर कलमं वाढत गेली. पूर्वी जे मॅकग्रेगर होते त्यांनी चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. जवळ शस्त्र ठेवायचं नाही, फक्त जेवताना मांस कापायला एक सुरी, तीही टोक नसलेली. १६१७ साली पार्लमेंटने यावर शिक्कामोर्तब केलं. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, कारण त्याच्या वाईट दिवसांत हे लोक त्याच्या बाजूने लढले होते. १६९३ मध्ये विल्यमच्या राज्यात ती पुन्हा आली. कायमची उठली १७७४ साली. १६०३ ते १७७४. मधली बत्तीस वर्षं सोडली तर पाच-सहा पिढ्यांचा हिशोब होतो.

या पाच-सहा पिढ्यांनी केलं काय? कोणी मरे झालं, कोणी ड्रमंड, कोणी ग्रँट, कोणी स्ट्युअर्ट. आणि बरेच जण... कॅम्पबेल! ज्यांनी जमीन घेतली त्यांचंच आडनाव. कारण जवळचा जमीनदार तोच, संरक्षण देणारा तोच. काहींनी नाव नुसतं थोडं तासलं. ग्रेगर, ग्रेग, ग्रिअर, ग्रेगरी. मॅक काढून टाका, शेपूट बदला, हुकमाच्या अक्षरात बसणार नाही इतकंच बघा.

ग्रेगरी म्हटल्यावर मी ताडकन उठून बसले. न्यूमेरिकल मेथड्सचं पुस्तक उशाशीच होतं (उशी म्हणून). न्यूटन-ग्रेगरी फॉरवर्ड इंटरपोलेशन! दर वर्षी आठ मार्कांना येणारा तो ग्रेगरी! जेम्स ग्रेगरी, १६३८ साली ॲबर्डीनजवळच्या ड्रमओकमध्ये जन्मला. वडील पाद्री, भूमिती शिकवली आईने. आणि हे ॲबर्डीनकडचे ग्रेगरी म्हणजे मूळचे मॅकग्रेगर, असं त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

या माणसाबद्दल जरा थांबून सांगते, कारण फॉर्म्युल्यापलीकडे आपल्याला तो कोणी सांगितलेलाच नाही. १६६३ साली त्याने आरशांच्या दुर्बिणीचा आराखडा छापला, तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. इंटरपोलेशनचं सूत्र त्याने १६७० सालच्या एका पत्रात लिहिलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत आर्क टॅनची अनंत श्रेणी. त्यात एक घातलं की पाय छेद चार मिळतो : एक, वजा एक-तृतीयांश, अधिक एक-पंचमांश, वजा एक-सप्तमांश, असंच पुढे. हीच श्रेणी केरळात संगमग्रामच्या माधवाने अडीचशेहून जास्त वर्षं आधी काढली होती. आता कुठे पुस्तकात 'माधव-ग्रेगरी श्रेणी' असं लिहायला लागलेत. पण नावाच्या बाबतीत ग्रेगरी स्वतःही कमनशिबीच. टेलर सिरीज टेलरने छापली १७१५ साली. १९३० च्या दशकात ग्रेगरीची कागदपत्रं तपासताना सापडलं की आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर त्याने १६७१ मध्येच ती पद्धत वापरून ठेवली होती. पाठकोऱ्या कागदावर रफ वर्क! आणि १६७५ साली, विद्यार्थ्यांना दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवताना त्याला झटका आला आणि काही दिवसांत तो गेला. वय अवघं छत्तीस.

याच घराण्याची एक गोष्ट वॉल्टर स्कॉटने लिहून ठेवली आहे. रॉब रॉय मॅकग्रेगर हे नाव सिनेमामुळे काही जणांना माहीत असेल. १६७१ चा जन्म, गुरांचा व्यापारी, पुढे कर्ज बुडालं आणि फरार. आईचं आडनाव कॅम्पबेल, म्हणून बंदीच्या काळात हाही रॉबर्ट कॅम्पबेल. १७१२ साली त्याला पकडण्यासाठी एडिंबराच्या पेपरात जाहिरात आली, त्यात लिहिलं होतं : रॉबर्ट कॅम्पबेल, जो रॉब रॉय मॅकग्रेगर या नावाने ओळखला जातो तो. सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर 'ऊर्फ'. तर हा रॉब रॉय १७१५ च्या बंडाच्या धामधुमीत ॲबर्डीनला गेला आणि तिथे आपल्या एका नातेवाइकाकडे उतरला. नातेवाईक कोण, तर वैद्यकाचे प्राध्यापक डॉक्टर ग्रेगरी! पाहुणचाराने खूश होऊन रॉब रॉय म्हणाला, तुमचा हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर डोंगरात पाठवा, पुस्तकं वाचून वाया जाईल, मी त्याला माणूस बनवतो. बिचारे प्राध्यापक! घरात हत्यारबंद फरारी पाहुणा, त्याला नाही कसं म्हणायचं? मुलाची तब्येत नाजूक आहे वगैरे सांगून कसाबसा प्रसंग निभावला. तो मुलगा पुढे प्राध्यापकच झाला. एकाच रक्ताची दोन माणसं एका टेबलावर, एक ग्रेगरी आणि एक कॅम्पबेल, आणि दोघांनाही खरं नाव उच्चारायची चोरी. हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आम्हा सिव्हिलवाल्यांसाठी अजून एक. डब्ल्यूबीएम रोड, वॉटर बाउंड मॅकॅडम, तोंडपाठ असतो ना? तो मॅकॅडम म्हणजे जॉन लाउडन मॅकॅडम, १७५६ साली एअरमध्ये जन्मलेला. त्याच्या घराण्यातही परंपरेने हेच सांगत की आमचा पूर्वज ॲडम मॅकग्रेगर, पळून दक्षिणेला आला आणि ॲडमचे मुलगे म्हणून आम्ही मॅकॅडम. घरची गोष्ट आहे, घरच्या गोष्टीइतकाच तिच्यावर विश्वास ठेवावा. पण बघा, मॅनेजमेंटमध्ये मॅकग्रेगर, मॅथ्समध्ये ग्रेगरी, हायवेमध्ये मॅकॅडम. तीन विषय, तीन आडनावं, आणि हजेरीपटावर कोणालाही वाटणार नाही की ही कदाचित एकाच घरची आहेत. आपल्या भाषेशीही धागा आहे. भारतातल्या भाषांची प्रचंड पाहणी करणारा ग्रिअर्सन, ज्याच्या पाहणीचा १९०५ चा सातवा खंड मराठीवर आहे, त्याच्याही आडनावाचा अर्थ ग्रिअरचा, म्हणजे ग्रेगरचा मुलगा.

आता माझ्या घरचं भांडण.

माझं आडनाव 'कर'वालं आहे. गावाचं नाव आणि पुढे कर. ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही, आणि ते तसंच असावं म्हणूनच ते घेतलेलं आहे. १९६६ साली आजोबा कारकुनाच्या नोकरीवर शहरात आले तेव्हा त्यांचं आडनाव वेगळं होतं. आजोबांच्या तोंडून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती फर्स्ट इयरच्या ॲडमिशनच्या वेळी. खोली शोधत होते. एका घरी मालकांनी छान बसवलं, गाव विचारलं, नोकरी विचारली, चहा आला. अर्धा कप प्यायल्यावर मालक म्हणाले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आजोबांनी सांगितलं. "मग उरलेला चहा संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही," असं आजोबा म्हणाले. खोली आधीच कोणालातरी दिलेली निघाली. दुसऱ्या घरी असंच, तिसऱ्या घरी असंच. चौथ्या घरी आजोबांनी गावाच्या नावाला कर लावून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ट्रंक आत आली. पुढच्या वर्षी त्यांनी राजपत्रात रीतसर नाव बदलून घेतलं. आमच्याकडे ना राजा होता, ना हुकूम. अर्धा कप चहा पुरला.

हे मला कळायचं कारण म्हणजे जात पडताळणी. कॉलेजला ॲडमिशन तात्पुरतं, व्हॅलिडिटी अमुक तारखेच्या आत आणली नाही तर सीट गेली. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जुन्या आडनावाचा. बाबांचा दाखला, माझा दाखला नव्या आडनावाचा. मधे दुवा म्हणजे ते राजपत्राचं पान, आणि ते सापडेना. कचेरीतल्या खिडकीपलीकडचे गृहस्थ कागद परत सरकवत म्हणाले, "नाव बदलायची हौस कशाला करायची मग?" बाबा काही बोलले नाहीत. मी बोलणार होते, बाबांनी हात दाबला.

गावी आजोबांचे धाकटे भाऊ आहेत. त्यांनी जुनं आडनाव सोडलं नाही, आणि आजोबांनी सोडलं म्हणून दोघांत काही वर्षं बोलणं बंद होतं, हेही तेव्हाच कळलं. धाकटे आजोबा एसटीने आले, वंशावळीवर सही केली, प्रतिज्ञापत्र केलं. स्टॅम्प पेपरवर आजोबांचं नाव दोन आडनावांसकट टाईप झालं, मधे 'ऊर्फ'. राजपत्राचं पानही शेवटी मिळालं, विम्याच्या पॉलिसींच्या पिशवीत घडी घातलेलं. तारखेला सहा दिवस बाकी असताना व्हॅलिडिटी आली. आईने पेढे वाटले ते ॲडमिशनचे नव्हते, सर्टिफिकेटचे होते.

म्हणून मला मॅकग्रेगरांचं पुढे काय झालं ते वाचल्याशिवाय राहवेना. १७७४ नंतर नाव परत लावायला मोकळीक मिळाली, पण आता मॅकग्रेगर कोण हेच ठरेना! शेवटी ८२६ जणांनी एका कागदावर सह्या करून लॅनरिकच्या जॉन मरे यांना आपला मुख्य मानलं. हे मरे म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेतले अधिकारी. कुळाचा मुख्य, आणि आडनाव मरे! १८१७ च्या अखेरीला स्कॉटची 'रॉब रॉय' कादंबरी आली आणि हवा पालटली. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाला पहारा द्यायचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. जेम्स त्यांचं नाव पुसून लंडनला गेला होता, आणि त्याच्याच गादीवरच्या राजासाठी हे मुकुटाच्या भोवती चालत होते. त्याच साली जॉन मरे यांच्या मुलाने मॅकग्रेगर नाव रीतसर परत घेतलं. कुळाची सोसायटीही त्याच साली निघाली आणि ती आजही आहे.

मग नावाला ऊतच आला. आज स्कॉटलंडमध्ये मोजायला गेलं तर सगळ्यांत जास्त स्मिथ आहेत, मॅकग्रेगर त्यांच्या जवळपासही नाहीत. पण पर्थमध्ये जन्मलेला नट यूअन मॅकग्रेगर आहे, डब्लिनचा फायटर कॉनर मॅकग्रेगर आहे, कॅनडा-ऑस्ट्रेलियात आहेत, आमच्या ओरलमध्ये आहे. आणि जे मोजणीत येत नाहीत ते वेगळेच. कारण १७७४ नंतर परत फिरलेले जितके, तितकेच मरे, ड्रमंड, कॅम्पबेल म्हणून राहिलेलेही असणार. आता डीएनए तपासतात. वाय क्रोमोसोम आडनावासारखाच बापाकडून मुलाकडे जातो, फक्त त्याला कोणी राजपत्रात बदलू शकत नाही. वेगळ्याच आडनावांच्या लोकांचे नमुने मॅकग्रेगरांशी जुळलेले आहेत. कल्पना करा, जन्मभर कॅम्पबेल म्हणून मिरवलेल्या माणसाच्या हातात असा रिपोर्ट पडला तर त्याने काय करावं!

परीक्षा संपल्यावर घरी गेले तेव्हा हे सगळं आजोबांना सांगितलं. ते मॅच ऐकावी तसे ऐकत होते. फाशीच्या ठिकाणी 'च्च' म्हणाले. ग्रेगरीच्या पाठकोऱ्या कागदांवर खूश झाले, कारण त्यांचाही हिशोब अजून पाठकोऱ्या कागदावरच असतो. १७७४ पर्यंत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि जमीन?"

"जमीन नाही परत मिळाली, आजोबा. फक्त नाव."

"मग काय दिलं?" म्हणाले आणि कितीतरी वेळ पंख्याकडे बघत बसले.

थोड्या वेळाने मीच विचारलं, "तुम्हाला परत लावावंसं वाटतं का जुनं?"

"आता कुठे? तुझ्या बापाचं पॅन, आधार, तुझी डिग्री... पुन्हा सगळ्या खिडक्या फिरायच्या?" मग जरा हसून म्हणाले, "धाकट्याने ठेवलंय ना. एका घरात एकाने ठेवलं तरी पुरे."

मॅगझिनसाठी हे लिहून झाल्यावर त्यांना फोनवर वाचून दाखवलं. जुनं आडनाव मी त्यात दोन ठिकाणी लिहिलं होतं, अगदी अभिमानाने, ठळक अक्षरांत. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चांगलं लिहिलंस. फक्त आपलं ते आडनाव काढ त्यातून."

"का आजोबा? आता कोण विचारतंय?"

"जुलैत तुझी पुण्याला जॉइनिंग आहे ना?"

"हो."

"खोली मिळाली?"

"नाही अजून. बघतेय."

"मग काढ," म्हणाले.